वही आणि सौदा एकाच हातात: बँकांमधले ट्रेडिंग घोटाळे कसे घडतात

जुलै १९९२. सिंगापूरच्या सायमेक्स या वायदे बाजारात बेअरिंग्ज बँकेच्या एका नवख्या कर्मचारी मुलीने निक्केई या जपानी शेअर निर्देशांकाचे २० काँट्रॅक्ट घ्यायच्या ऐवजी विकून टाकले. नुकसान साधारण २० हजार पौंडांचं. असली चूक बाजारात कुठे ना कुठे रोज होते, आणि तिच्यासाठी प्रत्येक ब्रोकरकडे एक एरर अकाउंट असतं. चुकलेला सौदा त्यात टाकायचा, लगेच उलटा करून मोकळं व्हायचं आणि जो काय फटका बसला तो वर कळवायचा. या वेळी तो कळवला गेला नाही. तिथला प्रमुख निक लीसन याने तो ८८८८८ नंबरच्या एरर खात्यात ठेवून दिला. अडीच वर्षांनी, फेब्रुवारी १९९५ मध्ये, त्याच खात्यात ८२ कोटी ७० लाख पौंडांचा खड्डा निघाला आणि १७६२ सालापासून चालत आलेली बँक एका पौंडाला विकली गेली.

अशा बातम्यांवर पहिली प्रतिक्रिया ठरलेली: लोभ, दुसरं काय! पण डीलिंग रूममध्ये, म्हणजे बँकेचे सौदे होतात त्या खोलीत, लोभ सगळ्यांनाच असतो. पगारच त्याचा मिळतो. घोटाळा व्हायला लोभाइतकीच लपवायला जागाही लागते. ती जागा कशी तयार होते हे कळलं की हे सगळे घोटाळे, लंडनचे काय आणि मुंबईच्या फोर्टातले काय, एकाच घरातले वाटायला लागतात.

एक सौदा किती हातांतून जातो

समजा, एका बँकेच्या डीलरने दुसऱ्या बँकेकडून पाच कोटींचे सरकारी रोखे घेतले. सौदा फोनवर किंवा स्क्रीनवर काही सेकंदांत ठरतो. डीलर डील स्लिप भरतो: काय घेतलं, किती, काय भावाने, कोणाकडून, किती वाजता. त्याचं काम इथे संपतं, आणि ते इथेच संपायला हवं. या खोलीला फ्रंट ऑफिस म्हणतात.

स्लिप पुढे मिड ऑफिसकडे जाते. या माणसाला एवढ्या रकमेचा सौदा करायची मुभा आहे का, या समोरच्या बँकेबरोबरची मर्यादा ओलांडली का, स्टॉप लॉस (जिथे तोटा थांबवायचा ती मर्यादा) कुठे आहे, हे तिथे बघतात. दिवसअखेर सगळ्या सौद्यांची बाजारभावाने किंमतही तेच काढतात, आणि तो भाव डीलरला विचारून घ्यायचा नसतो, बाहेरून मिळवायचा असतो.

मग येतं बॅक ऑफिस. ते समोरच्या बँकेकडून कन्फर्मेशन मिळवतं, पैसे देतं, रोखे ताब्यात घेतं आणि आपली वही समोरच्याच्या कागदाशी टॅली करतं. हे कन्फर्मेशन म्हणजे साऱ्या व्यवहारातला एकमेव कागद जो डीलरच्या हातून तयार झालेला नसतो. स्लिप त्याची, भावाबद्दलचा खुलासा त्याचा, फायद्याचा अंदाजही त्याचाच. पण “होय, हा सौदा आमच्याही वहीत आहे” हे बाहेरचा माणूस सांगतो. जवळपास प्रत्येक ट्रेडिंग घोटाळ्यात हा एक कागद आलेला नसतो, बनावट असतो, किंवा आला तरी डीलरच्याच टेबलावर येत असतो.

सिंगापूरला नेमकं हेच होतं. कचेरी छोटी, माणसं कमी, म्हणून लीसनकडेच सौदेही आणि सेटलमेंटही, म्हणजे सौदे मिटवायचं बॅक ऑफिसचं काम. तो स्वतः लंडनच्या सेटलमेंट विभागातून वर आलेला होता, त्यामुळे कुठला रिपोर्ट कुठे जातो हे त्याला पाठ होतं. त्याने सॉफ्टवेअरमध्ये बदल करून घेतला आणि ८८८८८ खात्यातले सौदे लंडनला जाणाऱ्या रोजच्या रिपोर्टांमधून वगळले गेले. एका फाइलमध्ये, मार्जिनच्या (एक्स्चेंजकडे भरायच्या अनामत रकमेच्या) फाइलमध्ये, ते तरीही जात राहिले. लंडनच्या संगणकाला हा खाते क्रमांक ओळखीचा नव्हता, म्हणून त्याने ती नोंद सस्पेन्स फाइलमध्ये, म्हणजे न जुळलेल्या नोंदींमध्ये, टाकून दिली. म्हणजे खड्ड्याची बातमी अडीच वर्षं लंडनच्या कपाटात पडून होती. ती उघडून बघणं कोणाच्याच कामात बसत नव्हतं.

न्यूयॉर्कमध्ये जपानच्या दाइवा बँकेचा तोशिहिदे इगुची बारा-एक वर्षं सरकारी रोख्यांमधलं नुकसान असंच झाकत राहिला. आकडा १ अब्ज १० कोटी डॉलरपर्यंत गेला. सौदे तो करायचा आणि रोखे जिथे ठेवलेले तिथली स्टेटमेंटही त्याच्याच हातात पडायची. १९९५ मध्ये त्याने वरिष्ठांना पत्र लिहून स्वतःच सांगितलं तेव्हा कळलं. तोवर कोणी पकडला नव्हता.

वीस हजारांचे ब्याऐंशी कोटी

वर्षअखेरीचे आकडे बघा. ८८८८८ मधला एकूण तोटा १९९२ च्या अखेरीस २० लाख पौंड, १९९३ च्या अखेरीस २ कोटी ३० लाख, १९९४ च्या अखेरीस २० कोटी ८० लाख. आणि पुढच्या फक्त दोन महिन्यांत ८२ कोटी ७० लाख. दरवर्षी जवळजवळ दहापट. ही वाढ चोरीची वाटत नाही; ही तोटा भरून काढायच्या धडपडीची वाढ आहे.

गणित सोपं आहे. तुमचा एक लाखाचा तोटा झाला. तो सांगायचा नाही, म्हणून पुढच्या वेळी दोन लाख लावले. जिंकलात तर मागचं भरून निघालं, वर एक लाख सुटला. हरलात तर चार लाख लावायचे, मग आठ. ओळीने दहा वेळा हरलात तर एकूण तोटा १०२३ लाख, म्हणजे १० कोटी २३ लाख होतो, आणि अकराव्या वेळी लावायला १० कोटी २४ लाख हवेत. सामान्य माणसाकडे ते नसतात, म्हणून तो तिसऱ्या-चौथ्या पायरीवरच बसतो. बँकेच्या डीलरकडे बँकेचे पैसे असतात.

याची दुसरी बाजू फारशी बोलली जात नाही. नाणेफेकीसारखा बाजार धरला, तर ओळीने दहा वेळा हरण्याची शक्यता १०२४ मध्ये एक. म्हणजे असा खेळ खेळणारे बहुतेक जण मधल्याच कुठल्या तरी पायरीवर सुटतात, खातं शून्यावर आणतात, आणि कोणाला कधीच कळत नाही. उलट त्यांचा आत्मविश्वास वाढतो. लीसनच्या स्वतःच्या सांगण्यानुसार १९९३ च्या मध्यावर त्यानेही खातं एकदा जवळपास साफ केलं होतं. तिथे थांबला असता तर आज त्याचं नाव कोणाला माहीत नसतं. पण जे आधी एकदा निभावलं ते पुन्हा निभावेल, असं कोणालाही वाटतं. पेपरात येतात ते फक्त शेवटच्या पायरीपर्यंत गेलेले. वाटेत सुटलेल्यांची मोजदाद कोणाकडे असणार?

या आगीत तेल ओततं मार्जिन. वायद्यात पूर्ण किंमत द्यावी लागत नाही. १० लाखांच्या काँट्रॅक्टसाठी समजा एक लाख मार्जिन भरलं आणि भाव तीन टक्के पडला, तर ३० हजार गेले. मालाच्या किमतीच्या तीन टक्के, पण तुम्ही टेबलावर ठेवलेल्या पैशाच्या तीस टक्के. एक्स्चेंज हा फरक रोजच्या रोज रोखीत मागतं. तोटा वहीत लपवता येतो, मार्जिन कॉल लपवता येत नाही. रोख कुठून तरी आणावीच लागते.

लीसनने ती दोन वाटांनी आणली. एक, ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावाला घ्यायचा किंवा विकायचा हक्क, विकून. त्याने निक्केईवर कॉल (घ्यायचा हक्क) आणि पुट (विकायचा हक्क) दोन्ही एकाच भावाला विकले; बाजारात याला शॉर्ट स्ट्रॅडल म्हणतात. विमा कंपनीसारखाच हा धंदा: हप्ता, म्हणजे प्रीमियम, आज हातात येतो आणि दावा पुढे कधी तरी. बाजार जागच्या जागी राहिला की प्रीमियम खिशात. कुठल्याही बाजूला जोरात हलला की भरपाई तुम्ही द्यायची, आणि तिला वरची मर्यादा नसते. ज्याला आज रोख हवी आणि उद्याचं उद्या बघू अशी वेळ आली आहे, त्याला हा सौदा अगदी मापाचा. म्हणूनच एखाद्या डेस्कवर ऑप्शनची विक्री अचानक वाढली की जाणकार मिड ऑफिसवाला आधी विचारतो, यांना पैशांची एवढी निकड कशाला?

१७ जानेवारी १९९५ ला कोबेचा भूकंप झाला. २३ तारखेला निक्केई एका दिवसात हजारावर अंकांनी कोसळला. जागच्या जागी राहणाऱ्या बाजारावर लावलेला डाव तिथेच संपला. लीसनने सौदे काढून टाकायचे सोडून आणखी निक्केई खरेदी केला, आपल्या खरेदीनेच बाजार सावरेल या आशेने.

दुसरी वाट लंडनची. सिंगापूरहून मागणी आली की लंडन पैसे पाठवत होतं, आणि शेवटी पाठवलेली रक्कम बँकेच्या स्वतःच्या भांडवलाहून मोठी झाली. का पाठवले? कारण लंडनची समजूत होती की सिंगापूरला आर्बिट्राज चालतं. जपानमधलं ओसाका आणि सिंगापूर, दोन्ही बाजारांत तोच निक्केई. एकीकडे स्वस्त दिसला की घ्यायचा आणि त्याच क्षणी दुसरीकडे महाग विकायचा. जोखीम नाही, फायदा थोडा पण पक्का.

थोडं थांबून विचार केला असता तर ही समजूत दोन जागी फाटली असती. आर्बिट्राजमध्ये एका बाजूला तोटा झाला की दुसऱ्या बाजूला तेवढाच फायदा होतो. सिंगापूरला मार्जिन भरावं लागलं तर ओसाकाहून जवळपास तेवढीच रोख परत यायला हवी. पैसा महिनोन्महिने एकाच दिशेने वाहतो आहे याचा अर्थ एकच: सौद्याला दुसरा पाय नाही. हे ओळखायला वायदे-ऑप्शनचं गणित लागत नाही, बँकेचं पासबुक पुरतं. दुसरी जागा फायद्याची. १९९४ साठी लीसनने २ कोटी ८५ लाख पौंड नफा दाखवला होता. बिनजोखमीच्या धंद्यात एका छोट्या कचेरीने एवढं कमवावं? वाण्याच्या दुकानात सव्वा टक्का नफ्यावर बंगला उभा राहिला तर शेजारीपाजारी कुजबुजतात. बँकेत त्याला बोनस द्यायचं ठरतं.

तपासणी झालीच नाही असंही नाही. ऑगस्ट १९९४ मध्ये अंतर्गत ऑडिट सिंगापूरला गेलं आणि सौदे आणि सेटलमेंट एकाच माणसाकडे असू नये असं त्यांनी लिहून दिलं. अंमलबजावणी रेंगाळली. पुढे ऑडिटरांना हिशोबात ७ अब्ज ७८ कोटी येनचा घोळ दिसला. लीसनने खुलासा म्हणून अमेरिकेतल्या एका ब्रोकर फर्मच्या नावाचं पत्र दिलं, कात्री-गोंदाने सही चिकटवून तयार केलेलं. ते फॅक्सने आलं तेव्हा कागदाच्या वरच्या पट्टीवर लीसनच्या घरच्या फॅक्स मशीनचं नाव छापून आलं होतं. अमेरिकेतल्या फर्मचं पत्र सिंगापूरमधल्या घरून कसं आलं? कोणी विचारलं नाही. ऑडिटरला कागद हवा होता, कागद मिळाला, फाइलला लागला.

बेरीज-वजाबाकीतली फट

तेरा वर्षांनी पॅरिसला, सोसिएते जनराल बँकेत, फ्रंट आणि बॅक ऑफिस अगदी नियमाप्रमाणे वेगळी होती. तरीही जानेवारी २००८ मध्ये जेरोम केर्विएल या एका डीलरची सुमारे ५० अब्ज युरोंची उघडी पोझिशन, म्हणजे न मिटवलेले सौदे, सापडली. बँकेचं स्वतःचं शेअर बाजारातलं मोल त्याहून कमी होतं. २१ जानेवारीपासून तीन दिवसांत ती घाईघाईने काढून टाकल्यावर बँकेचा निव्वळ तोटा ४ अब्ज ९० कोटी युरोंचा निघाला.

इथे फट निव्वळ आकड्याची होती. बँका जोखीम मोजताना खरेदीतून विक्री वजा करतात. १०० ची खरेदी आणि ९९ ची विक्री असेल तर जोखीम एकाची. रास्त आहे. पण मग एकूण सौदे १९९ आहेत याकडे कोणाचं लक्ष जात नाही, आणि ती ९९ ची विक्री खोटी असेल तर खरी जोखीम शंभराची असते. केर्विएल खरी खरेदी करायचा आणि तिच्यासमोर न झालेली विक्री संगणकात भरायचा. हे खोटे सौदे असे निवडायचा की कन्फर्मेशन लगेच मागितलं जाणार नाही: तारीख पुढची, समोरची पार्टी अजून ठरायची आहे, वगैरे. कन्फर्मेशनची वेळ जवळ आली की सौदा रद्द करायचा आणि नवा भरायचा. डीलर होण्याआधी तो मिड ऑफिसमध्येच होता. कुठला तपास कोणत्या दिवशी होतो हे त्याला ठाऊक होतं.

बँकेच्या यंत्रणांनी दीड वर्षात सत्तरहून जास्त वेळा शंका काढल्या. नोव्हेंबर २००७ मध्ये युरेक्स या एक्स्चेंजनेही विचारणा केली. प्रत्येक वेळी त्याला विचारलं गेलं, त्याने उत्तर दिलं, आणि शंका बंद झाली. तपासणाऱ्याचं काम उत्तर मिळवण्यापर्यंतच होतं. ते उत्तर खरं आहे का हे बाहेर फोन करून पाहणं त्याच्या यादीत नव्हतं.

एक गोष्ट मात्र कुठल्याच लोभाच्या गोष्टीत बसत नाही. २००७ च्या अखेरीस केर्विएल तोट्यात नव्हता. त्याच्याकडे जवळपास १ अब्ज ४० कोटी युरोंचा फायदा होता, आणि तो त्याने लपवला. कारण एवढा फायदा दाखवला तर एवढी पोझिशन कुठून आली हे सांगावं लागलं असतं. फायदाही झाकावा लागतो तेव्हा समजावं, झाकायची वस्तू पैसा नाही, सौद्याचा आकार आहे.

यूबीएस या स्विस बँकेच्या लंडन कचेरीत २०११ मध्ये क्वेकू अडोबोलीने २ अब्ज ३० कोटी डॉलर घालवले तेव्हाही असेच खोटे जोडसौदे आणि उशिरा येणारी कन्फर्मेशन. तोही बॅक ऑफिसमधूनच वर आला होता. एव्हाना हा योगायोग राहिलेला नाही.

मुंबई, १९९२

आपल्याकडचा सगळ्यात मोठा धडा ब्रोकर हर्षद मेहताच्या नावाने लक्षात राहिला आहे, आणि लोक तो शेअर बाजाराचा घोटाळा समजतात. पैसा शेअर बाजारात गेला हे खरं. एप्रिल १९९२ मध्ये सेन्सेक्स चार महिन्यांत दुपटीवर जाऊन ४४६७ ला पोचला तो त्या पैशावर. पण भोक होतं बँकांच्या रोख्यांच्या व्यवहारात.

त्या काळी बँकांना ठेवींच्या ३८.५ टक्के रक्कम सरकारी रोख्यांमध्ये आणि तत्सम गुंतवणुकीत ठेवणं बंधनकारक होतं. त्यामुळे प्रत्येक बँकेकडे रोख्यांचे ढीग आणि रोखीची चणचण. वाट काढली रेडी फॉरवर्डची: आज तुला रोखे विकतो, पंधरा दिवसांनी थोड्या चढ्या भावाने परत घेतो. नाव विक्रीचं, काम तारण कर्जाचं.

आता रोख्यांचा ताबा. त्याची नोंद रिझर्व्ह बँकेच्या पब्लिक डेट ऑफिसमध्ये, एसजीएल नावाच्या वहीत, हाताने होत होती. हस्तांतराचा फॉर्म दिला की नोंद व्हायला दिवस लागत, आणि आपल्या खात्यात रोखे शिल्लक आहेत की नाहीत हे बँकेलाही वेळेत कळत नसे. म्हणून बँका एकमेकांना बँक रिसीट देऊ लागल्या, सगळे तिला बीआर म्हणत: “पैसे मिळाले, रोखे आमच्याकडे तुमच्या नावाने ठेवले आहेत, यथावकाश देऊ.” बीआर म्हणजे रोखे नव्हेत, रोख्यांचं वचन. पण बाजारात ती रोख्यांसारखीच फिरू लागली.

दोन बँकांच्या मध्ये ब्रोकर असायचा. त्याने फक्त गाठ घालून दलाली घ्यायची. प्रत्यक्षात घेणाऱ्या बँकेला विकणारी बँक कोण हे कित्येकदा ब्रोकरच सांगायचा, चेक बँकेच्या नावाने निघायचा आणि “नेहमीची पद्धत” म्हणून ब्रोकरच्या खात्यात जमा व्हायचा. बँकेच्या नावाचा चेक ब्रोकरच्या खात्यात! शाखेतला साधा कॅशिअरही तुमच्या-आमच्या बाबतीत हे करणार नाही. मग ब्रोकरला फक्त एक हवं होतं: रोखे नसतानाही बीआर देणारी बँक. बँक ऑफ कराड आणि मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह बँक या दोन छोट्या बँकांच्या नावाने अशा पोकळ बीआर निघाल्या, त्यांच्या ऐपतीच्या कितीतरी पट रकमांच्या. मोठमोठ्या बँकांनी त्या घेतल्या. साताऱ्याकडच्या एका छोट्या बँकेकडे एवढे रोखे आले कुठून, हे विचारायला पब्लिक डेट ऑफिसपर्यंतचं फोर्टातलं अंतर पायी जाण्याइतकं होतं.

२३ एप्रिल १९९२ ला पत्रकार सुचेता दलाल यांची स्टेट बँकेतल्या तुटीची बातमी छापून आली आणि डोलारा कोसळला. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जानकीरामन समितीने काढलेली तूट ४०२४ कोटी रुपये. बँक ऑफ कराड बुडाली आणि १९९४ मध्ये बँक ऑफ इंडियात गेली.

दुरुस्ती झाली ती उपदेशाने नाही. १९९५ पासून रोखे आणि पैसे एकाच वेळी हात बदलू लागले, २००२ पासून सौदे संगणकावर नोंदून क्लिअरिंग कॉर्पोरेशन या मध्यस्थ संस्थेमार्फत मिटू लागले. बीआरची गरजच संपली. पण नवी सोय ज्यांच्यापर्यंत पोचली नाही तिथे जुनीच गोष्ट पुन्हा घडली. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने, आणि आणखी काही जिल्हा बँकांनी, २००१-०२ च्या सुमारास होम ट्रेड आणि इतर ब्रोकर कंपन्यांना सरकारी रोख्यांसाठी पैसे दिले. पैसे गेले, रोखे आलेच नाहीत. १९९२ ला बीआर तरी होती, इथे ब्रोकरच्या कागदावर भागलं. शेतकऱ्यांच्या ठेवींच्या त्या खटल्याचा निकाल नागपूरच्या न्यायालयात लागायला डिसेंबर २०२३ उजाडला. बँकेचे माजी अध्यक्ष त्यात दोषी ठरले.

फोर्टातल्याच ब्रॅडी हाउस शाखेचं पंजाब नॅशनल बँकेचं प्रकरण, २०१८ मध्ये उघड झालेलं, हे काही ट्रेडिंग नाही. पण दोन वह्यांची गोष्ट तीच: भारतीय बँकांच्या परदेशातल्या शाखांना हमीपत्रं स्विफ्ट या बँकांच्या संदेशयंत्रणेवरून गेली, त्यांची नोंद मुख्य बँकिंग प्रणालीत झाली नाही, दोन्ही यंत्रणा एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या, आणि महत्त्वाचा अधिकारी एकाच खुर्चीत वर्षानुवर्षं बसून होता.

बॅक ऑफिस गप्प का बसतं

नियम सगळीकडे असतात. मग ते मोडले जात असताना दिसत का नाही? याचं उत्तर खोलीच्या रचनेत आहे. डीलिंग रूम म्हणजे कमाई, बॅक ऑफिस म्हणजे खर्च, असं बँक मानते. पंचविशीतली एखादी मुलगी बॅक ऑफिसमधून फोन करून म्हणते, “सर, या तीन सौद्यांचं कन्फर्मेशन आलेलं नाही.” पलीकडे बँकेला सगळ्यात जास्त पैसा मिळवून देणारा माणूस असतो. “बाजार चालू आहे, नंतर बोल.” ती दुसऱ्यांदा फोन करते, तिसऱ्यांदा करत नाही. तिच्या साहेबाचा बोनसही शेवटी त्याच फायद्यातून येणार असतो.

बोनसचं गणितही एकतर्फी आहे. दहा कोटी मिळवले तर त्यातला हिस्सा माझा; दहा कोटी घालवले तर फार तर नोकरी जाते, दहा कोटी बँकेचे. ज्याचा तोटा दुसऱ्याच्या खिशातून जातो त्याला पुढची पायरी चढणं स्वस्त पडतं. आता बऱ्याच देशांत बोनसचा मोठा भाग काही वर्षं रोखून धरतात, तोटा निघाला तर परत घेतात. याचा उपयोग होतो, पण आधीच बुडालेल्या माणसावर होत नाही. त्याला बोनसची नाही, सुटकेची चिंता असते.

त्याला पकडतो तो एक अगदी साधा नियम, आणि ट्रेझरीत (बँकेच्या गुंतवणूक आणि सौद्यांच्या विभागात) काम करणारे सोडून फार कमी जणांना तो ठाऊक असतो: सक्तीची रजा. खोटे सौदे वाणसामानासारखे असतात, दर थोड्या दिवसांनी नवे भरावे लागतात. कन्फर्मेशनची तारीख आली की एक रद्द, दुसरा उभा. म्हणून असा माणूस रजा घेत नाही. केर्विएलने २००७ च्या अख्ख्या वर्षात चार दिवस घेतली होती, आणि साहेबांना तो कष्टाळू वाटत होता.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ट्रेझरीसारख्या नाजूक जागेवरच्या माणसाने वर्षातून एकदा सलग किमान दहा कामाचे दिवस रजेवर जायचं असतं, तेही आधी न सांगता. त्या दिवसांत त्याला कचेरीच्या कुठल्याही यंत्रणेत शिरता येत नाही. फार तर कचेरीचा ईमेल चालू राहतो. दहा दिवस अशासाठी की तेवढ्यात पुढच्या तारखेचे बरेचसे सौदे पिकून समोर येतात. बदली माणूस सकाळी येतो, उघड्या सौद्यांची यादी काढतो, रद्द केलेल्यांची वेगळी काढतो, आणि जिथे कन्फर्मेशनच्या रकान्यात काही नाही तिथे समोरच्या बँकेचा नंबर स्वतः शोधून फिरवतो. रजेवर गेलेल्याने लिहून ठेवलेला नंबर वापरायचा नाही.